दगडातला जबडा

कवळ्या करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली कवळीताई म्हणायची. कुणी तोंडावर तशी हाक मारली तरी त्या खुशाल 'ओ' द्यायच्या. दातांच्या दवाखान्यामागे त्यांची छोटीशी खोली होती. खिडकीखाली लांब बाक, बाकावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण कापायची सुरी, आणि पायानं कळ दाबली की सुईएवढं टोक गरगर फिरवणारी बारीक चक्की. तीस वर्षं ताई त्या बाकावर लोकांना खाता-बोलता येईल अशी सोय करत होत्या. माणूस न पाहता नुसत्या साच्यावरून त्या सांगायच्या, "हे गृहस्थ उजव्याच बाजूनं चावतात," नाहीतर "या बाई झोपेत दात खातात." आणि ते खरं निघायचं. डॉक्टर म्हणायचे, "ताई, तुमच्यासमोर जांभई द्यायचीही चोरी!"

दगडांचा नाद मात्र त्यांना यजमानांमुळे लागला. यजमान रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. अकरा वर्षांपूर्वी गावाबाहेरची टेकडी कापून नवा रस्ता काढायला घेतला, तेव्हा एक दिवस ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून मुठीएवढा दगड घेऊन आले. मेंढ्याच्या शिंगासारखा वेटोळा, पण मातीनं बरबटलेला. म्हणाले, "फेकून द्यायला हात होईना. बघ बाई, तुझ्या चक्कीनं साफ होतोय का."

ताईंनी सहज म्हणून टोक लावलं आणि जेवायचं विसरल्या. माती सुटत गेली तशी आतून एकामागून एक कड वर येत गेली. सारख्या अंतरावरच्या, जराही न चुकलेल्या. शेवटी आतला वेढा तिळाएवढा झाला तरी त्यावरही रेघा होत्याच. इतकी वर्षं हातानं काम करणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातचं सुबक काम कळतं. पण हा हात कुणाचा?

ते विचारायला त्या शहरातल्या संग्रहालयात गेल्या. तिथल्या जीवाश्म बघणाऱ्या बाई ताईंहून वीसेक वर्षांनी लहान होत्या. त्यांनी दगड हातात घेतला आणि सांगितलं, "हा अ‍ॅमोनाइट. शंखात राहायचा, पण जात गोगलगाईची नाही; माखुळ आणि ऑक्टोपसच्या गोतातला. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहायचा."

"पण हा टेकडीत सापडलाय."

"तेव्हा टेकडी कुठे होती? तो समुद्राचा तळ होता."

परतीच्या बसमध्ये ताईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. खिडकीबाहेरची दुकानं, विजेचे खांब, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर त्या मनातल्या मनात पाणी चढवत होत्या.

तेव्हापासून दर रविवारी दोघं टेकडीवर. चपलांच्या खोक्यांत, बिस्किटांच्या डब्यांत, पलंगाखाली, जिथे जागा सापडेल तिथे अ‍ॅमोनाइट जमत गेले. नणंद एकदा राहायला आली आणि कपाट उघडून किंचाळलीच. "वहिनी, कपड्यांच्या कपाटात दगड ठेवणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती!"

"कपडे ठेवलेत ना बादलीत," ताई म्हणाल्या.

मग तो रविवार आला. सकाळी चहा पिताना यजमानांनी हळूच बातमी सांगितली, "उद्यापासून कापलेल्या कड्यावर जाळी ठोकून सिमेंट मारणार आहेत. दरड कोसळते ना."

ताईंचा कप बशीवर आपटला. "सगळ्यावर?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मग तुम्ही चहा काय पीत बसलात? उठा!"

साहेबांची परवानगी यजमानांनी आधीच काढून ठेवली होती. दुपारपर्यंत दोघांनी कडा पायथ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत बघून काढला आणि हाती लागले जेमतेम दोन तुकडे. ताई घामानं निथळत होत्या. तेवढ्यात छातीइतक्या उंचीवर, राखाडी मातीच्या थरात, त्यांना एक गोल फुगवटा दिसला. ताटाएवढा. त्यांनी नखानं माती खरवडली. कडेला एकच वळलेली रेघ होती.

"अहो!" त्यांचा आवाज चिरकला. "पहार आणा, पहार!"

तासभर खपून त्यांनी गोट्याभोवतीची माती सोडवली. यजमानांनी खाली पोतं धरलं. पण गोटा अंदाजापेक्षा जड निघाला, पोत्याच्या काठावरून निसटला आणि दगडावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले.

यजमानांचं तोंड एवढंसं झालं. "घात झाला. माझा हात..."

"थांबा," ताई म्हणाल्या. त्या केव्हाच गुडघ्यांवर बसल्या होत्या.

गोटा अगदी शंखाच्या शेवटच्या, रुंद वेढ्यातून फुटला होता. प्राणी जिथे राहायचा त्या खोलीतून. आणि त्या खोलीत, मातीत अर्धवट रुतलेल्या, पांढरट रंगाच्या दोन चकत्या होत्या, पंख उघडून बसलेल्या फुलपाखरासारख्या.

"शिंपला असेल. वाहत आत गेला असेल," यजमान म्हणाले.

वरची-खालची कवळी जुळते का ते तपासताना ताईंची जशी मान आपोआप एका बाजूला कलायची, तशी ती आता कलली होती.

पुढचे तीन आठवडे दवाखान्याचं काम संपलं की त्या बाकावर गोटा घेऊन बसायच्या. सगळ्यांत बारीक टोक, भिंग, आणि धूळ उडवायला मऊ ब्रश. हात थरथरेल म्हणून चहासुद्धा बंद. चकत्या मोकळ्या झाल्या तेव्हा दिसलं की डावी ती हुबेहूब उजवीची आरशातली जोड आहे. मधल्या सरळ कडा एकमेकींना लागत होत्या. मग ताईंनी आपली नेहमीची रीत केली. दोन्हींचे साचे घेतले, प्लास्टर ओतलं, आणि सुकल्यावर दोन्ही तुकडे जुळवून शंखाच्या तोंडाशी धरून पाहिले. रुंदी नेमकी बसत होती.

यजमान दारात उभे होते. "आता त्यालाही कवळी करून देणार का?"

"त्याचा जबडा शाबूत आहे," ताई म्हणाल्या. "हलताहेत ते तुमचेच दात." आणि मग एकदम ओरडल्या, "अहो, जबडाच आहे हा! जबडा!"

सोमवारी रजा टाकून त्या संग्रहालयात पोचल्या. गोटा दुलईत गुंडाळून मांडीवर, यजमान शेजारी. जीवाश्मांच्या बाईंनी दुलई उघडली आणि खुर्ची मागे सरकवून उभ्याच राहिल्या.

"या चकत्या तुम्ही आत ठेवल्यात?"

"छे! तिथेच होत्या. मी फक्त माती काढली. खालचा जबडा आहे ना त्याचा?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? तीस वर्षं जबडेच तर बघतेय." ताईंनी पिशवीतून प्लास्टरचा जोड काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, पुढची कड. ही कामाची कड आहे. आणि हे दोन भाग एकटे-एकटे काही उपयोगाचे नाहीत, मिळूनच चालतात."

बाई हसायला लागल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "ताई, अशा सुट्या चकत्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. पूर्वी लोक त्यांना शिंपलेच समजायचे. नंतर म्हणायला लागले, शंखाचं झाकण असेल. आता बहुतेक जण जबडा म्हणतात. झाकणाचंही काम करत असेल, असं म्हणणारे आहेतच. पण शंखाच्या आत, जागच्या जागी असलेली जोडी? मी नोकरीत आल्यापासून आमच्याकडे एकही आली नाही."

"मग ठेवून घ्या," ताई म्हणाल्या. यजमानांनी चमकून पाहिलं. "घरी ठेवला तर मी एकटीच बघणार. आणि नणंद पुन्हा यायची आहे."

काचेच्या कपाटात तो दोन महिन्यांत लागला. खाली पाटीवर त्यांचं नाव घालू का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ताईंनी 'सापडला दोघांना' असं लिहायला लावलं आणि यजमानांचं नाव आधी घातलं. ते पाटीसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "फोडला मी, हेही लिहायला हवं होतं."

निवृत्तीनंतर दर गुरुवारी ताई संग्रहालयात जायला लागल्या. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि एक लांबलचक खण ओढला. आत न उघडलेले गोटे, पन्नासेक तरी, वर्षानुवर्षांची धूळ खात पडलेले.

"यांना हात लावायला कुणी धजत नाही. टणक आहेत," बाई म्हणाल्या.

ताईंनी चष्मा पुसून नाकावर चढवला, बाह्या सारल्या आणि खणावर वाकून विचारलं, "यातला सगळ्यांत हट्टी कुठला?"