भट्टीखालचा खड्डा

पडदा वर जातो, तेव्हा चुन्याची भट्टी धगधगत असते आणि तिच्या पायथ्याच्या खड्ड्याशी भट्टीवाली मावशी कंदील घेऊन उभी असते. चुनखडक तापला की त्यातून वायू सुटतो आणि मागे चुना उरतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. हवेहून जड, म्हणून खड्ड्यात साचतो. मावशी आधी दोरीने कंदील सोडायची. तो विझला, तर कुणी उतरायचं नाही.

आज तिने कंदील सोडण्याआधीच तिचा नवा जावई खड्ड्यात पडलेलं फावडं आणायला शिडीने खाली उतरला होता.

"जावईबापू, वर या बघू!"

"आलोच, सासूबाई," तो जडावल्या जिभेने म्हणाला आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

मावशीने कंदील सोडला. उभ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर तो विझला. म्हणजे खाली बसलेल्या जावयाचं डोकं वायूत बुडालं होतं. आपण उतरलो तर दोघंही जाणार, आणि लेकीचा संसार उभा राहायच्या आधीच मोडणार.

जावयाला कधी अरे-तुरे न केलेली मावशी किंचाळली, "अरे ए ऐतखाऊ! तुझ्यापेक्षा माझं गाढव बरं, निदान लाथ मारायला तरी उभं राहतं!"

अपमानाने जावई भिंत धरून उठला. तोंड वायूच्या वर आलं, श्वास मिळाला, शिडी हाताला लागली. वर येऊन तो संतापाने थरथरत उभा राहिला.

मावशीने विझलेला कंदील वर ओढून घेतला.

"राग मानू नका, जावईबापू," ती म्हणाली. "पण पुन्हा तिथे बसलात, तर याहून घाण बोलेन."