मयेकर काकूंची पाठ

"काकू, पालथ्या झोपा," असं म्हटलं तर त्यांना टेबलावर चढताच येईना. एक पाय स्टुलावर ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या, श्वास रोखून. शेवटी मी आणि माझ्या रिसेप्शनिस्टने त्यांना दोन्हीकडून धरून वर घेतलं.

मयेकर काकू मालगुंडहून एसटीने आल्या होत्या. साठीच्या, किरकोळ अंगाच्या. "घरकामाने होतं ओ असं," म्हणाल्या.

माझं काम मायोथेरपी, म्हणजे स्नायूंच्या दुखण्यावर हातांनी उपचार. फिजिओथेरपी शिकले मुंबईत, आणि तिथेच काही वर्षं कबड्डीपटूंचे खांदे-गुडघे सांभाळले. खेळाडूचा स्नायू दुखावला की आधी तो पडला कसा, ते विचारायचं. ती सवय रत्नागिरीत क्लिनिक काढल्यावरही सुटली नाही. फक्त इथे कुणी मैदानात पडत नाही. इथे स्नायू रोजच्या कामाने झिजतात.

अंगठ्याने दाबत गेले तर उजवीकडे, कमरेच्या जरा वर, सुपारीएवढी गाठ लागली. आम्ही त्याला ट्रिगर पॉइंट म्हणतो. सतत ताणात राहिलेला स्नायू तिथे आवळून बसतो, सुटायचं विसरतो. डावी बाजू मात्र मऊ होती. केर-लादीने सहसा दोन्ही बाजू धरतात.

"काकू, एका अंगावर जड काय उचलता?"

"काही नाय. पाण्याचा नळ दारात आहे."

"मग?"

त्या उशीत तोंड ठेवूनच म्हणाल्या, "ह्यांना उचलते."

काका मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली. मुलगा मुंबईला नोकरीत. संडास, बाथरूम, खुर्ची, सगळीकडे काकू त्यांना काखेत धरून न्यायच्या. काका त्यांच्या दीडपट.

नुसती गाठ सोडवून भागणार नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा आवळली असती. म्हणून मी मालगुंडला त्यांच्या घरी गेले. चादर खाली घालून सरकवायचं कसं, गुडघ्यात वाकून उठवायचं कसं, ते दाखवलं. काका पडल्यापडल्या बघत होते. बोलणं जड झालेलं, पण डोकं साफ.

"मॅडम, माझ्यामुळे गेली ना तिची पाठ?"

"उचलायच्या पद्धतीमुळे गेली, काका. पद्धत बदलू."

ते अर्ध्या तोंडाने हसले. "बोट ओढायची पण पद्धत असते."

त्यानंतर काकूंची पाठ झपाट्याने सुधारली. माझ्या अंदाजापेक्षा फारच लवकर. पुढच्या वेळी आल्या आणि स्वतःच टेबलावर चढल्या.

"आता उचलावं पण कमी लागतं," त्या खुशीत म्हणाल्या. "दिवसातून दोनदा नेलं की झालं. सवय लागली म्हणतात."

माझे हात थांबले. अशी सवय लागत नसते.

"लघवीचा रंग कसा असतो?"

"कोऱ्या चहासारखा."

"पाणी पितात?"

"पेला भरून उशाशी ठेवते की. रिकामा असतो."

मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि थेट घर गाठलं. काकांची खाट खिडकीला लागून होती. पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते, अंगण कोरडं ठक्क होतं. खिडकीखालचा चिऱ्याचा दगड तेवढा ओला. काकांचे ओठ फुटले होते, अंगात ताप होता.

"काका, पाणी बाहेर का ओतता?"

त्यांनी आधी तोंड फिरवलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ती आवाज करत नाय. पण उचलताना तिचा श्वास अडकतो. माझ्या कानाशीच असते ना ती. ऐकवत नाय."

काकू दारातच होत्या. त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या, आणि डाव्या हाताने काकांचं डोकं उचलून धरलं. काका गटागटा प्यायले. पाणी गळ्यावरून छातीवर उतरलं.

"सांगायचंत तरी मला," काकू म्हणाल्या. "सांगायचंत तरी ओ."

मी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासून लगेच रत्नागिरीला हलवायला सांगितलं. लघवीचं इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं, किडन्या थकल्या होत्या. मुलगा मुंबईहून आला तेव्हा काका ओळख देत होते. पुढे तेही थांबलं. आठवडाही काढला नाही त्यांनी.

दिवसकार्य उरकल्यावर काकू एकदा क्लिनिकला आल्या. अपॉइंटमेंट नव्हती, पण मी आत घेतलं. पाठीवर हात फिरवला. गाठ नव्हती. दोन्ही बाजू सारख्या, मऊ.

"छान आहे पाठ, काकू."

"हो ना," त्या म्हणाल्या. "आता उचलायचं काय नाय." ब्लाउजचं बटण लावता लावता त्यांचे हात थांबले. "जरा दुखली असती तरी चाललं असतं, मॅडम." मग पदर तोंडाला लावून त्या खूप वेळ तशाच बसल्या. बाहेरच्या पेशंटला मी थांबायला सांगितलं.

हल्ली पाठीचा पेशंट आला की घरात कुणी झोपून आहे का, हे मी आधी विचारते. असेल तर तो पाणी किती पितो, तेही. आणि जमेल तेव्हा त्याच्याशी एकट्याशी बोलून येते. हे माझं काम नव्हे, असं एक डॉक्टर मित्र म्हणतात. मी वाद घालत नाही. विचारते मात्र.