एकट्यानं बसायची सवय

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या गोतावळ्यात कुणी नाही, अशी माझी कालपरवापर्यंत पक्की समजूत होती. कळंबच्या एका शाळेत मी तेवीस वर्षं मराठी शिकवते आहे. माझ्या अर्जानं माहेरच्या गावातली जळालेली विजेची डीपी बदलून आली, बंद पडलेली मुक्कामी एसटी परत सुरू झाली, एका चुलतभावाची बदली थांबली. नात्यात कुणाचं काही अडलं की फोन यायचा, "ताई, जरा चार ओळी लिहून दे की." मी वरवर कुरकुर करायची आणि आतून सुखावायची. वाचणारा साहेब खुर्चीत हललाच पाहिजे, असं एक तरी वाक्य मी त्या चार ओळींत बसवायचीच. ही फुशारकी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या एका वाक्यानंच झालं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेरखेड्याला दिलेली. दाजी तिथं शोभेच्या दारूच्या कारखान्यात भुईनळे भरायचे. त्या कामाची एक रीत आहे. माळावर लांब लांब अंतरावर लहान खोल्या बांधलेल्या असतात आणि एका खोलीत एकच माणूस बसतो. कुठं काही पेटलंच तर एकाच्याच जिवावर बेतावं, म्हणून ही सोय. दाजी वीस वर्षं असे एकटे बसत आले. पण दाजींच्या कारखान्यात माणसांनी आपली आपण आणखी एक सोय करून घेतली होती. थोड्या थोड्या वेळानं एक जण हात थांबवून ओरडायचा, "हाय का?" शेजारच्या खोलीतून उत्तर यायचं, "हाय!" मग तो त्याच्या पलीकडच्याला विचारायचा. अशी ती हाक सगळा माळ फिरून पहिल्याकडं परत यायची. एखाद्या खोलीतून उत्तर आलं नाही की बाकीचे हातातलं तिथंच ठेवून अनवाणी पळत सुटायचे. बहुतेक वेळा आतल्या गड्याला डुलकी लागलेली असायची. मग दिवसभर त्याची धडगत नसायची.

दाजींचा आवाज त्या माळावर सगळ्यांत मोठा होता. मी मेहुणी, त्यामुळं माझी टिंगल करणं हा तर त्यांचा हक्कच. मी दारात पाऊल टाकायचा अवकाश, आतून सुरू व्हायचं, "आल्या बगा मास्तरीणबाई! पाट्या काढा रे, न्हायतर छडी बसंल!" मीही काही ऐकून घेणारी नाही. आमची जुंपली की अक्का कपाळाला हात लावायची आणि चहाचं आधण ठेवायची.

बांधावरच्या भांडणात त्यांच्या भावकीतला एक माणूस डोक्यात काठी बसून गेला. दाजी सोडवायला धावले होते. फिर्यादीत आठ नावं पडली, त्यांत त्यांचंही पडलं. जामीन झाला नाही. त्यांना जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या तुरुंगात ठेवलं. तिथल्या बराकीत फिर्यादीच्या नात्यातला एक जण दुसऱ्याच गुन्ह्यात आधीपासून होता. त्यानं पहिल्या महिन्यातच दाजींना बडवलं. अक्का भेटीला गेली तर काचेपलीकडं दाजींचा ओठ फुटलेला आणि एक डोळा बंद.

ती तशीच परस्पर माझ्याकडं कळंबला आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "त्यास्नी त्या मानसांतून काढ. तुझ्या हाताला यश हाय. कायबी लिव, पर येगळं ठिवायला लाव."

मी त्याच बैठकीत अर्ज लिहिला. जिवाला धोका वगैरे लिहून झालं, पण तेवढं तर सगळेच लिहितात. साहेब हलेल असं वाक्य हवं होतं. ते मला सुचलं, आणि सुचल्यावर मी स्वतःवर खूश झाले. "अर्जदाराचे पती शोभेच्या दारूच्या कामात असून, बंद खोलीत एकट्याने बसण्याची त्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे, तरी त्यांना इतर बंद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवण्याची कृपा व्हावी." हाकेचं लिहावं का, असं क्षणभर मनात आलं होतं. पण त्यानं अर्ज कमजोर झाला असता. मी ते गाळलं.

वकील म्हणाले, "बाई, सवयीचा मुद्दा छान जोडलात." पंधरा दिवसांत अर्ज मंजूर झाला. शाळेत पेढे वाटायचेच काय ते मी बाकी ठेवले. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले, "स्वतंत्र खोली, वेळेवर जेवण, कुणाची कटकट नाही. आम्हाला कुणी देईल का हो अशी कोठडी?" सगळे हसले. मीही हसले. ते हसू आठवलं की आज अंगावर काटा येतो.

दाजी त्या कोठडीत अकरा महिने होते. अक्का महिन्यातून एकदा भेटायला जायची आणि आल्यावर मला फोन करायची. सुरुवातीला दाजी तिला नुसतं विचारून भंडावून सोडायचे. म्हैस व्याली का, लेकीचा पेपर कसा गेला, कारखान्यात माझ्या खोलीत आता कोण बसतंय. मग प्रश्न कमी झाले. मग नुसतं "बरं" आणि "व्हय" राहिलं. शेवटी शेवटी ते काचेपलीकडं फोन कानाला लावून बसायचे आणि वेळ संपली की उठायचे. अक्का मला म्हणाली, "लई निवांत झाल्यात गं. पयल्यासारखी तणतण न्हाय, काय न्हाय."

मी काय म्हणाले असेन? "एकांतानं माणूस शांत होतो, अक्का." मराठीची शिक्षिका मी. निवांत आणि गप्प यांतला फरक मला कळला नाही.

मग निकाल लागला आणि दाजी निर्दोष सुटले. मी येरमाळ्याला गाडी बदलून त्यांच्या आधी तेरखेड्यात पोचले. घर माणसांनी भरलं होतं. जीपमधून ते उतरले. अक्कानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. दार सताड उघडं होतं. दाजी त्या उघड्या दारासमोर हात बाजूला सोडून उभेच राहिले. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. अक्का म्हणाली, "या की आत." ते आत आले, चार पावलं चालले, थांबले आणि वळून दाराकडं बघत राहिले. दार कोण लावतंय याची ते वाट बघत होते. हे माझ्या ध्यानात आलं.

माणसं एकदम बोलायला लागली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "कोठडीत मारलं का हो?" दाजींनी मान हलवली, न्हाय. "खायाला द्यायचे का?" व्हय. "मंग बरं हाय की," असं म्हणून माणसं मोकळी झाली. दाजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी अक्काशी दोन शब्द बोलून वळले तोवर ते जागेवर नव्हते.

ते मला घरामागं सापडले. पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी फट आहे. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, ते त्या फटीत भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"दाजी, इथं काय करताय?" मी विचारलं.

त्यांनी न वळताच उत्तर दिलं. तो माळावरचा आवाज नव्हता. कान देऊन ऐकावं लागत होतं.

"हितं बरं वाटतंय. तिकडं लई लांबचं दिसतं. डोळं दुखत्यात."

मी तिथंच खाली बसले. मग ते भिंतीशीच बोलावं तसं बोलत गेले.

"चार पावलं व्हती. मंग भिंत. मंग परत चार पावलं. पयल्या दिशी म्या हाक मारली. हाय का? म्हणलं, शेजारी असंलच की कुणीतरी. कोन बोललं न्हाय. म्या दिसभर मारली. शिपायानं दारावर काठी आपटली, म्हणला, गप बस. दुसऱ्या दिशी परत मारली." त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला. "आमच्यात उत्तर आलं न्हाय तर मानूस गेला समजत्यात, मास्तरीणबाई. म्या रोज इचारायचो आन् उत्तर यायचं न्हाय. लई दीस गेल्यावर मला वाटाया लागलं, शेजारचं न्हाय कुणी गेलं. मीच गेलोय."

"असं कसं, दाजी..."

"मंग चावून बगायचो. दुखलं की म्हणायचं, हाय."

त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या खुणा होत्या. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. एक तर त्या सकाळचीच असावी, अजून लाल होती. मी किंचाळायची राहिले. कुणी मारलं नाही, असं आत्ताच दहा माणसांनी खात्रीनं ऐकलं होतं आणि ती समाधानानं चहा प्यायला बसली होती. छळ म्हणजे काठी, छळ म्हणजे उपास, असंच मीही आजवर समजत आले. बराकीत त्यांचा ओठ फुटला होता, तो दहा दिवसांत भरून आला. त्या मारातून मी त्यांना सोडवलं आणि जिथं ठेवलं, तिथं वीस वर्षं मोठ्यानं बोलत आलेला माणूस, आपण जिवंत आहोत का, हे स्वतःच्या दातांनी तपासत होता. हा छळ नाही तर काय आहे? कुणाच्या कायद्यात त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी छळ म्हणते.

सांगायलाच हवं होतं. मी म्हणाले, "दाजी, तो अर्ज... वेगळं ठेवायचा..."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्या म्हणलं, साहेब, मला मानसांत टाका, मारू द्यात मारलं तर. तवा त्येनं कागुद काढून वाचून दाखिवला. तुमच्याच घरच्यांनी मागितलंय म्हणला. एकट्यानं बसायची सवय हाय, असं लिवल्यालं. म्या लगीच वळखलं. म्हणलं, ही आमच्या मास्तरीणबाईंची भाषा."

आवाजात राग नव्हता. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरून रडले असते आणि सुटले असते.

"म्या त्येला म्हणलं, साहेब, आमी एकटं बसत न्हाय. आमी हाका मारतो. त्यो म्हणला, अर्जात तसं न्हाय."

मी पदर तोंडावर घेतला. घरातून माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी दाजी कुठं गेले म्हणून विचारत होतं. मी उत्तर दिलं नाही.

मग दाजीच म्हणाले, "एक अर्ज लिवून द्याल का?"

मी मान डोलावली. नाही म्हणायला मला तोंड होतं कुठं?

"शेवटच्या दोन म्हैन्यांत एकदा दुपारच्याला उत्तर आलं. शिपाई जेवाय गेल्ता. लांबनं आलं, दोन-तीन भिंतींच्या पल्याडनं. हाय, एवडंच. मंग रोज त्या टायमाला म्या इचारायचो आन् त्यो म्हणायचा. येकदाच, दिसातनं. त्येच्यावर म्या दीस काढलं." त्यांनी प्रथमच माझ्याकडं बघितलं. "त्यो अजून तितंच हाय. म्या आलो सुटून. आज दुपारी त्येला कुणी इचारलं नसंल."

मी घरात जाऊन पर्समधलं पेन आणि भाचीची वही आणली. टाकीच्या कट्ट्यावर वही ठेवून सवयीनं वर मध्यभागी 'विनंती अर्ज' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"नाव काय त्यांचं?"

"ठाऊक न्हाय."

"गाव? गुन्हा कोणता?"

"ठाऊक न्हाय. त्वांड बगितलं न्हाय."

तेवीस वर्षं मी पोरांना शिकवत आले की अर्जाला नाव लागतं, पत्ता लागतो, विषय एका ओळीत लागतो. बिननावाचा अर्ज कुठलाच साहेब हातात धरणार नाही. पेन कागदावर टेकवलं होतं आणि मला एक अक्षर सुचत नव्हतं. शेवटी मी हात टेकले आणि म्हणाले, "दाजी, तुम्हीच सांगा. काय लिहू?"

दाजींनी परत भिंतीकडं तोंड केलं.

"लिवा," ते म्हणाले, "की त्यो हाय."