बोआहेनला कुणी शिव्या देईना

ताकोराडीला मुलीकडे महिनाभर राहून मी कुमासीला परतलो, सामान घरात टाकलं आणि आधी ओसरीवर गेलो. ओसरी जुन्या सिनेमागृहाची. आत आता चर्च भरतं, पण बाहेरची लांब सावली पाद्रीबाबांनी आम्हा म्हाताऱ्यांना सोडून दिली आहे. याच इमारतीत, रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या रंगमंचावर, मी ऐन तारुण्य बायकांची कामं करण्यात घालवलं. आमच्या फिरत्या कंपनीत बाई नव्हती. मीच पदर खोचून आराबा नावाची भांडखोर बायको व्हायचो. समोरच्या बायका इतक्या रंगून जायच्या की खेळ चालू असताना स्टेजवर चढून मला उकडलेली अंडी देऊन जायच्या, आणि जाता जाता माझ्या नवऱ्याचं काम करणाऱ्याला दोन शब्द सुनवायच्या. गल्ली आजही मला आराबाच म्हणते.

याव बोआहेन दामेच्या पाटावर वाकला होता. मी लांबूनच आवाज लावला, "काय रे डासांच्या सासऱ्या! अजून आहेस? मी तर तुझ्या मयताला काळं कापड इस्त्री करून ठेवलं होतं!"

दामे म्हणजे चौकटीच्या पाटावरचा सोंगट्यांचा खेळ. निम्मा खेळ हातांनी आणि निम्मा तोंडाने खेळायचा. सोंगटी आपटायची आणि त्या आवाजावर समोरच्याच्या नाकाचा, टकलाचा, स्वयंपाक येत नसल्याचा उद्धार करायचा. ज्याला शिवी बसत नाही, त्याला खेळाडू म्हणतच नाहीत. माझ्या आरोळीवर हशा पिकायला हवा होता. तो पिकला नाही. शिंपी मुसाने माझ्या पायावर पाय दिला. अजेकुम ड्रायव्हर एकदम चष्मा पुसू लागला. बोआहेनने मान वर केली, तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"आराबा," तो म्हणाला, "बैस. आणखी एक शिवी दे."

हा बोआहेन म्हणजे नगरपालिकेचा निवृत्त स्वच्छता निरीक्षक. उभा जन्म त्याने लोकांच्या पाण्याच्या मडक्यांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधल्या. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की पोरं शीळ घालायची आणि बायका धावत मडकी उपडी करायच्या. सगळं कोरडं दिसलं की हा म्हणायचा, "इतकं कोरडं? मग काहीतरी आहेच." निवृत्त झाला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. सकाळी सहाच्या फेरीत वाटेवरच्या प्रत्येक बादलीत डोकावल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. मग रेडिओवरच्या चर्चेत फोन लावून मंत्र्यांची हजेरी घेणं, दुपारी मामे डुफीकडचं निखाऱ्यावर भाजलेलं पिकलं केळं आणि मूठभर शेंगदाणे, रस्त्यातच उभं राहून, बोटं चाटत. तीननंतर ओसरी. शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या मयताचा जेवणासकट सोहळा, रविवारी चर्चमध्ये खर्जातला सूर, ज्यावरून मी त्याला नेहमी सोलायचो. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका संशयीही.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्याने माझा दंड धरला.

"तुला काहीच माहीत नाही ना? तुझ्या तोंडावरून कळतंय. म्हणून तुलाच विचारतो. मुसा मला 'छान खेळलात' म्हणाला."

"तो मुसा? परवापर्यंत तुझ्या कानांना टोपल्या म्हणत होता तो?"

"तोच. मी हरलो होतो, आराबा. सपशेल हरलो होतो. आणि तो म्हणतो, 'छान खेळलात'. अजेकुम पाठीची खुर्ची माझ्यासाठी सोडतो. मामे डुफीच्या बादलीत मी डोकावलं की ती पळी घेऊन अंगावर यायची. काल म्हणते, 'बघा साहेब, नीट बघा.' सेरवाने माझं चांगलं विणीचं कापड उन्हात घातलंय. कुठल्या सणासाठी, विचारलं तर म्हणते, कसर लागते."

"लागते कसर."

"चाळीस वर्षांच्या संसारात कधी लागली नाही! आणि तू नव्हतास तेव्हा दोन माणसं आली होती. खांद्यावरून कापड घेतलेली, वयस्क. मुसाच्या दुकानात बसून माझी चौकशी करत होती. कुठला आजार आहे का, हातापायाची बोटं शाबूत आहेत का. बोटं, आराबा! आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात मी दवाखान्यात रक्त दिलं होतं तपासायला." त्याने माझा दंड सोडला. "सरळ हिशेब आहे. मरणाऱ्याला कुणी शिवी देत नाही."

मी त्याला मूर्खात काढलं. पण घरी येऊन अंथरुणावर पडलो आणि त्याचा संशय ढेकणासारखा माझ्याही अंगावर चढला. मुसाने माझ्या पायावर पाय का दिला?

दुसऱ्या दिवशी बोआहेनने आपल्या पद्धतीने तपासणी केली. समोर मुसा होता. डाव रंगात आला असताना बोआहेनने आपली साधी सोंगटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत मागे नेऊन ठेवली. उघड लबाडी. आमच्या ओसरीवर एवढ्यावरून लोकांनी एकमेकांच्या चपला गटारात टाकल्या आहेत.

मुसाने आपली सोंगटी पुढे सरकवली. "चालतं," तो म्हणाला.

बोआहेनने आणखी एक मागे नेली. मग मुसाच्या दोन सोंगट्या उचलून सरळ आपल्या खिशात टाकल्या.

"चालतं, चालतं," अजेकुम म्हणाला. "खेळच तर आहे."

"खेळच तर आहे?" बोआहेन उठून उभा राहिला. "अजेकुम, एका सोंगटीवरून तू स्वतःच्या मेव्हण्याशी वर्षभर बोलला नाहीस! सांगा मला. दवाखान्यातून कोण आलं होतं? किती राहिलेत माझे?"

मी पुढे झालो, पण तो खिशातल्या सोंगट्या पाटावर ठेवून निघून गेला होता. एरवी जाताना तो मामे डुफीची बादली बघतो. त्या दिवशी बघितली नाही.

मी अजेकुमची बकोटी धरली. "बोल. नाहीतर तुझ्या ट्रकमधल्या त्या तामालेच्या विधवेची गोष्ट आत्ता इथे साभिनय करून दाखवतो."

"अरे बाबा, हळू!" अजेकुमने मला ओसरीच्या टोकाला ओढलं. "मरत नाहीये तो. त्याच्या गावचं मोठं झाड पडलं. त्यांचे नाना, म्हणजे गावचे राजे, याचे सख्खे मामा, गेले. गादीसाठी राजमातेने याचं नाव काढलंय. शनिवारी न्यायला येणार आहेत."

आमच्याकडे गादी मामाकडून भाच्याकडे जाते, त्याच्या अंगात काही व्यंग नसेल तर, आणि ज्याचं नाव निघतं त्याला आधी कळू देत नाहीत. कळलं की माणसं पळतात. बोआहेनचा एक मोठा भाऊ असाच सरहद्द ओलांडून पळाला होता, तो परतलाच नाही. म्हणून अचानक येऊन धरायचं, अंगाला पांढरी माती फासायची, की मग सुटका नाही.

"आणि शिव्या?"

"वडीलधाऱ्यांनी सांगितलंय, नाव निघालं त्या दिवसापासून त्याला उणा शब्द नको. बोलेल त्याने दंड म्हणून मेंढा द्यायचा."

"मला का नाही सांगितलं?"

अजेकुमने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आराबा, तुझ्या पोटातलं तुझ्या भुवयांवर लिहिलेलं असतं. शेवटच्या रांगेतल्यालाही वाचता यावं म्हणून तूच तर शिकलास ना ते?"

रात्रभर विचार करून मी ठरवलं की काही बोलायचं नाही. बोलून काय होणार? आणि शनिवारनंतर काय, हेही दिसत होतं. गादीवरचा माणूस रस्त्यात खात नाही. ओसरीवर बसत नाही. अनवाणी पाय जमिनीला लावत नाही. त्याच्याशी दामे खेळायला वाड्यात माणसं येतात आणि मुद्दाम हरतात. त्याच्या तोंडावर त्याला डासांचा सासरा म्हणणारा कुणी उरत नाही. माझा मित्र जिवंतपणीच आमच्यातून उठणार होता, आणि त्याची त्याला खबर नव्हती.

सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात पाण्याच्या पिंपाशी बसला होता. मी दारातच नाटक सुरू करणार होतो, हसरा चेहरा, मोठा आवाज. "याव, कसा आहेस?" एवढंच तोंडातून निघालं.

त्याने पिंपाचं झाकण खाली ठेवलं. "म्हणजे तुलाही सांगितलं."

भरलेली सभागृहं ज्या चेहऱ्याने मुठीत ठेवली तो एका म्हाताऱ्यापुढे उघडा पडला. मी सगळं सांगून टाकलं. मामा, राजमाता, शनिवार, मेंढा.

त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "छान आहे. कुणी रचलं? मुसाने? राजमाता चांगली घातलीय. मरणाऱ्याला राजा करायचं म्हणजे शेवट गोड."

"अरे खरं सांगतोय!"

"तू नट आहेस."

"मग मला विचारा," आतून आवाज आला. सेरवा, त्याची बायको, हातात मुसळ घेऊन दारात उभी होती. "आराबा खरं बोलतोय. दवाखान्याचं उत्तर परवाच आलं, तुमच्या रक्तात फक्त मीठ जास्त आहे. आणि पळायचा विचार असेल तर एकटे पळा. मी त्या कापडाला एवढं ऊन उगाच दाखवलेलं नाही."

मी खालच्या आवाजात म्हटलं, माझी जुनी पेटी अजून आहे, लुगडी आहेत, टोप आहे. उद्याच्या पहिल्या गाडीत बाई बनवून बसवतो. सरहद्द लांब नाही.

"सत्तरी उलटल्यावर तू मला बाई बनवणार," तो म्हणाला. "आणि सरहद्दीपलीकडे कोण शिव्या देईल? फ्रेंच बोलणारे?"

मग तो मामाबद्दल बोलू लागला. त्यांच्या गावात अपॉचा सण असतो. त्या काही दिवसांत कुणीही कुणालाही तोंडावर काहीही सुनवावं, गादीलासुद्धा, आणि गादीने गप्प बसून ऐकावं. लहानपणी त्याने मामांच्या छत्रीसमोर उभं राहून ओरडून सांगितलं होतं की, नाना, तुमच्या ढेकरेने आमच्या कोंबड्या अंड्यांवरून उठतात. मामा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "मला तेव्हा वाटलं, त्यांना विनोद आवडला." त्याने झाकण उचलून पिंपावर ठेवलं. "आता वाटतं, वर्षभर कुणी बोललंच नसेल."

शनिवारी सकाळी तो ओसरीवर आला. मामे डुफीकडून केळं आणि शेंगदाणे घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याला न्यायला त्याच्या गावची माणसं कोपऱ्यावरून आली. त्यांनी त्याला खाताना पाहिलं आणि सगळेच्या सगळे पाठ करून उभे राहिले, कारण जे पाहायचं नाही ते त्यांनी पाहिलं नाही. तो शेवटचा दाणाही निवांत चघळला. एकेक बोट चाटलं. मग त्यांच्या पाठींना उद्देशून म्हणाला, "येतो. पण एक अट. सणाला माझी तीन माणसं कुमासीहून येतील. परकी म्हणून कुणी अडवायचं नाही. आणि त्यातल्या एकालाही मेंढा मागायचा नाही."

ते वळले. पुढारी म्हातारा म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवया खाली ओढून धरल्या.

सणाला आम्ही गेलो. बसमध्ये मुसा ओठांतल्या ओठांत तालीम करत होता. बोआहेन मोठ्या छत्रीखाली बसला होता, ते विणीचं कापड अंगावर, सोनेरी चपला, चेहरा दगडाचा. आजूबाजूला ढोल आणि सगळं गाव शिव्या गात होतं. मुसाने त्याच्या कानांना टोपल्या म्हटलं, आणि त्या टोपल्यांत आता मुगुटही मावेल असं वर जोडलं. अजेकुमने त्याच्या चालण्याची ब्रेक निकामी झालेल्या ट्रकशी तुलना केली. माझी पाळी आली. समोर इतका मोठा प्रेक्षक मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी पेटीतल्या लुगड्याचा पदर खोचला आणि डासांच्या सासऱ्याला त्याच्या जावयांच्या वतीने जाब विचारला. लोक लोटपोट झाले. छत्रीखाली मात्र काही हललं नाही. गादीला उत्तर द्यायची परवानगी नाही.

संध्याकाळी आम्हाला दिलेल्या खोलीत गादीचे वक्ते आले, हातात सोन्याच्या मुठीची काठी. नाना कुणाशी थेट बोलत नाहीत. त्यांचं बोलणं हेच पोचवतात. ते उभे राहून गंभीर आवाजात म्हणाले, "नानांनी निरोप दिला आहे. मुसा शिंप्याचं ठीक होतं. अजेकुम ड्रायव्हरचं ठीक होतं. आराबाने मात्र नानांच्या गाण्याविषयी अवाक्षर काढलं नाही, आणि कुमासीत ती आधी गाण्यावरच यायची. नानांना विचारायचं आहे की त्यांच्या प्रकृतीबद्दल आराबाला काही कळलं आहे का, जे ती लपवते आहे."

मी चपला घातल्या, पुन्हा पदर खोचला आणि वाड्याच्या दिशेने निघालो. सण अजून दोन दिवस होता.