डाव्या शिंगावरचा पट्टा

आमच्या गावात कोणाचं काम नीट झालं नाही की लोक माझं उदाहरण देत. मेथीची जुडी बांधावी तर त्यानं, वांग्याचं कॅरेट भरावं तर त्यानं. पिंपळगाव राजाच्या बाजारात माझा माल लांबून ओळखू येतो, असं कोणी म्हणालं की मी मान खाली घालून ऐकायचो. ती मान नम्रपणानं खाली नसायची. आणखी कोणी काही बोलतं का, याची मी वाट बघत असायचो. त्या माणसाची आज मला किळस येते.

कारण त्या जुड्या मुळात मी बांधलेल्याच नसत. बायको पहाटे बसून बांधायची आणि मी तिच्यामागे, मजुरीनं आलेल्या बायांच्या देखत, एकेक जुडी सोडून पुन्हा बांधायचो. देठ एका रेषेत नाहीत म्हणून. ती गप्प राहायची आणि मी समजायचो, तिला पटतंय. एवढी माझी अक्कल. याला लोक नेटकेपणा म्हणत. ती नुसती भीती होती, कोणी तरी बोट दाखवील याची. भित्रा माणूस बाहेर गोड बोलतो आणि घरात गुरकावतो. मी दोन्ही चोख करत होतो.

हे उघडं पडलं ते पोळ्याला. आमच्या गल्लीत बैलजोडी उरली आहे ती आमचीच. बाकीच्यांनी ट्रॅक्टर घेतले. वडील ऐंशीच्या घरातले, वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघणारे. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, संध्याकाळी सगळ्या जोड्या त्याखाली उभ्या राहतात, झडत्यांची गाणी म्हटली जातात आणि मग पोळा फुटतो. बैल आपापल्या घरी निघतात. जोडी तोरणाखाली पोचलीच नाही, तर बैल सजवले काय आणि न सजवले काय, सारखंच.

दोन वर्षांपूर्वी वडील जागा धरायला आधीच वेशीत गेले. बैल घेऊन ये, एवढंच मला सांगून गेले. झुली चढल्या होत्या, घुंगुरमाळा बांधून झाल्या होत्या. निघताना मला दिसलं की पांढऱ्या बैलाच्या डाव्या शिंगावरचा लाल पट्टा उजव्यापेक्षा बोटभर वर गेलाय. मी डिझेलचा बोळा घेतला. पट्टा निघाला, पण रंग ओघळून कपाळावर आला. कपाळ साबणानं धुतलं, तर झूल भिजली. पट्टा पुन्हा ओढला, तर आता उजवाच खाली वाटायला लागला. डिझेल बैलाच्या डोळ्यात गेलं. तो मान झटकत होता, डोळ्याला धार लागली होती, आणि मी त्याला शिवी देऊन वेसण आवळली. हे सांगताना गाळावंसं वाटत होतं. पण गाळलं असतं तर तेही माझं चित्र नीट दिसावं म्हणूनच.

वडिलांनी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा आलोच म्हणालो. ढोल गल्लीच्या तोंडाशी वाजू लागला तेव्हा कळलं, पोळा फुटला होता.

वडील एकटेच चालत आले. बैलाजवळ जाऊन त्यांनी उपरण्यानं त्याचा डोळा पुसला.

"बैलाले त्याचं शिंग दिसते काय बे?" म्हणाले, आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही.

त्याच दिवसापासून मी आजारी पडलो, असं सांगणं सोयीचं आहे, पण खोटं आहे. आधीपासूनच सकाळी उठवत नव्हतं. पोळ्यानंतर उठणंच थांबलं. वांगी झाडावर पिवळी पडली. नीट जमणार नसेल तर करायचंच नाही, हा बाणा मी अंथरुणातही सोडला नाही. दाढीसुद्धा त्याच हिशेबानं वाढली. बायकोनं खामगावच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, तर मी म्हणालो, आधी त्रास कागदावर व्यवस्थित मांडतो. चार वेळा मांडला. क्रम जमेना म्हणून दोनदा जायचं टाळलं. शेवटी तिनं कागद चुलीत घातला आणि मला एसटीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, हा उदासीचा आजार आहे आणि तुमचा नेटकेपणा त्याला रोज खाऊ घालतोय. मला आधी बरं वाटलं. म्हणजे आपला आजारही चांगल्या प्रतीचा निघाला. इतका मी गेलेला होतो.

गोळी रोज घ्यायची होती. एखादा दिवस चुकला की गोळ्यांची ती अख्खी पट्टी मला बाटल्यासारखी वाटायची. ती गव्हाच्या कोठीमागे टाकायची आणि सोमवारपासून नव्या पट्टीनं सुरुवात करायची. तो सोमवार कधी नीट यायचा नाही. झाडताना बायकोला सात अर्ध्या पट्ट्या सापडल्या. तिनं त्या माझ्या अंथरुणावर मांडल्या.

"गोळ्या हायेत ह्या. रांगोळी नाही, चुकली की पुसून टाकाले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माह्या जुड्या सोडल्या, मी काही म्हनलं नाही. ह्या नाही सोडू देनार."

मेथीबद्दल ती बोलली ते एवढंच, इतक्या वर्षांत एकदाच.

गेल्या पोळ्याला मी उठून गोठ्यात गेलो तर वडिलांनी बैल रंगवून ठेवले होते. त्यांचे हात थरथरतात. एक पट्टा वर, एक खाली, कानावर लाल डाग. माझी नजर डिझेलच्या कॅनकडे गेली. बायको दारात उभी होती. वडिलांनी कासरा माझ्या हातात दिला. "चाल बे."

तोरणाखाली शेजारचा एक जण हसला. "काका, यंदा बैल लेकरायनं रंगवले काय?"

"मीच रंगवले. काऊन, तुह्या ट्रॅक्टरले बी लावू काय?"

लोक हसले, वडीलही हसले. मी हसलो नाही. पोळा फुटेपर्यंत मी तो कानावरचा डागच बघत होतो आणि मला लाज वाटत होती, वडिलांच्या रंगाची. हो, तेव्हाही. पण कासरा सोडला नाही.

घरी बायकोनं बैलांचे पाय धुतले, त्यांना पोळी भरवली. वडील दोन पोळ्या जेवले. मी गोळीची पट्टी काढली. आदल्या दिवशीची राहून गेलेली गोळी तिच्यात तशीच होती. मी तिच्या पुढची घेतली आणि पट्टी पुन्हा खिशात ठेवली.