हौदातलं पाणी कुठे थांबतं

थांबाकाका आमच्या भागात पडेल ते काम करतात. नळ, बिजागऱ्या, छताचे पत्रे, शिवाय ज्या आठ-दहा घरांमागे पोहण्याचे हौद आहेत, तिथले पंप आणि फिल्टर. हातोडी उचललेल्या प्रत्येकाला ते आधी "थांबा" म्हणतात, म्हणून हे नाव पडलं. त्या नावाने हाक मारली तरी ते खुशाल ओ देतात.

आमच्याकडे ते बुधवारी सकाळी आले. घरामागचा हौद आधीच्या मालकाच्या हौसेचा. आम्ही तो फारसा वापरत नव्हतो. पण बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं. जमिनीवर वॉकरशिवाय पाऊल न टाकणारे बाबा छातीभर पाण्यात सरळ चालायला लागले होते. नेमका तेव्हाच हौद गळू लागला. रोज अर्धी वीत पाणी जायचं. कंत्राटदार बघून गेला आणि म्हणाला, तळाला भेग असणार, सोमवारी फरशी फोडू, तीन महिने हौद बंद. एवढा खंड पडला तर पाय आखडेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. बाबा वर्तमानपत्राचं एकच पान तासभर तोंडासमोर धरून बसले.

काकांना आईने बोलावलं. मी इंजिनिअर, त्यामुळे मला ते थोडं लागलं. मी त्यांच्यासमोर वही ठेवली. चौदा दिवसांच्या नोंदी होत्या, आलेखही काढला होता. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली. मग विचारलं, "रोज सकाळी पुन्हा काठोकाठ भरता?"

"हो. मोजमाप एकाच पातळीपासून व्हावं म्हणून."

"मग साहेब, पाण्याला थांबायला जागा कुठे ठेवलीत?"

आई हसू लपवायला आत गेली.

काकांनी पंप बंद केला. हौदाच्या पायरीवर एक बादली भरून ठेवली. उन्हाने किती पाणी उडतं ते तिच्यावरून कळतं. आत-बाहेर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मग मला म्हणाले, शनिवारपर्यंत एक थेंबही घालू नका. पाणी भोकापर्यंत उतरतं आणि तिथेच थांबतं.

आणि नाहीच थांबलं तर, असं मी विचारलं. तर भोक तळाला आहे, कंत्राटदार बरोबर आणि मी चूक, असं ते सहज म्हणाले. मग पंपापाशी बसून त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. तरुणपणी एका आजींच्या हौदाची अख्खी फरशी त्यांनी भराभर फोडली होती. गळती निघाली पंपाजवळच्या एका सांध्यात. फरशी पुन्हा बसवायला त्यांना बावीस दिवस लागले, आणि आजी रोज समोर खुर्ची टाकून बसायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," काका म्हणाले.

गुरुवारी पाणी उतरलं. शुक्रवारीही उतरलं, बाबांच्या कमरेपर्यंत आलं. तरी ते चालले. बादलीतलं पाणी मात्र जेमतेम दोरीच्या जाडीइतकं कमी झालं होतं, म्हणजे दोष उन्हाचा नव्हता. मी दर तासाला जाऊन बघायचो. शेवटी बाबाच म्हणाले, "बाळ, तू बघितल्याने ते लाजून थांबणार नाही."

शनिवारी सकाळी ते थांबलं होतं. भिंतीत बसवलेल्या दिव्याच्या वरच्या कडेला, अगदी रेघ मारल्यासारखं.

काकांनी आधी दिव्याचा मेन स्विच पाडला आणि मला तिथे पहाऱ्यावर उभं केलं. हौदात चार बोटं पाणी चढवलं, स्वतः आत उतरले आणि सिरिंजमधून निळ्या शाईची बारीक धार दिव्याजवळ सोडली. शाई पसरली नाही. सरळ दिव्यामागे ओढली गेली. दिव्याची वायर जिथून भिंतीत जाते, त्या नळीचं तोंड उघडं पडलं होतं. काकांनी दिवा बाहेर काढून काठावर ठेवला आणि पाण्यातही घट्ट होणारी पुट्टी मळून त्या तोंडात दाबून भरली, मग दिवा परत बसवला. सगळं काम अर्ध्या तासाचं. आईने शाईचे हात धुवायला साबण दिला, तर म्हणाले, ही दोन दिवस जात नाही, मला माहीत आहे.

संध्याकाळी हौद काठोकाठ भरला. सोमवारी सकाळी पाणी खुणेखाली फक्त दोरीभर होतं, बादलीतल्याइतकंच. मी मोठा श्वास सोडला. बाबा माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरले, पाणी छातीला लागेपर्यंत पुढे गेले आणि चालू लागले.

मी कंत्राटदाराला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. गळती कुठे सापडली, कशी सापडली, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. त्याच आठवड्यात त्याला आणखी एका घरची फरशी फोडायची होती. "त्या काकांचा नंबर मिळेल का?" त्याने विचारलं.

मी तो देत असताना बाबा चौदावी फेरी मारून वळले होते.