मनगटावरचा मोर

आज कार्यालयातलं जुनं कपाट रिकामं करताना कार्बन पेपरचा गठ्ठा निघाला. तो तेलकट वास नाकात शिरला आणि मी थेट सोलापूरच्या ठाण्यात पोचले. तिथं मी नवी फौजदार होते आणि बेपत्ता माणसांच्या नोंदी नुकत्याच कॉम्प्युटरवर आल्या होत्या.

दुपारी वैरागच्या एक बाई आल्या. त्यांची मुकी बहीण चार महिने सापडत नव्हती. मी नाव, वय, उंची घालून शोधलं. काहीच मिळालं नाही. बाई पदर सावरून उठल्या.

शेजारी कार्बन लावून तक्रार लिहिणारे हवालदार काका म्हणाले, "मॅडम, मुकी बाई नाव कसं सांगंल? अक्का, हातावर काय गोंदलंय का तिच्या?"

"व्हय की. मनगटावर मोर हाय, पर अर्धाच. लहानपणी लई दुखलं म्हणून उठून पळाली हुती."

मी 'मोर' एवढंच टाइप केलं. माळशिरसजवळच्या आश्रमात ठेवलेल्या एका अनोळखी बाईची नोंद फोटोसकट समोर आली. शेवटची ओळ होती: मनगटावर अर्धवट मोर.

"हीच माझी कमळी," म्हणत बाईंनी स्क्रीनवरूनच हात फिरवला.

तेव्हा वाटलं, मशीननं चमत्कार केला. आज राज्यातल्या पोलिसांच्या तंत्रज्ञान विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि आता कळतं की कमळी सापडली ती काकांच्या प्रश्नामुळे आणि कुणा शिपायानं न कंटाळता लिहिलेल्या त्या ओळीमुळे. अशी माणसं अजून ठाण्याठाण्यात आहेत. उद्या नव्या प्रणालीची बैठक आहे. आधी हवालदार बोलतील, मग आम्ही अधिकारी.